धागा: वेट बेल्ट की बीसीडीतले पाऊच? ग्रांदेच्या पाण्यात वजन बांधायचं कसं

झुवारीकाठ (धागाकर्ता)

मंडळी, पावसाळा संपला की गोव्यातल्या ग्रांदे बेटाच्या स्कूबा डाइव्हिंगच्या होड्या पुन्हा सुरू होतील. यंदा डाइव्ह सेंटरचं भाड्याचं सामान सोडून स्वतःचं बीसीडी (हवा भरून-सोडून तरंगणं सांभाळायचं जॅकेट) घ्यायचं ठरवलंय, पण गाडं खाली जायला लागणाऱ्या शिशाच्या वजनांवर अडलंय. दुकानदार म्हणतो पाऊचवालं, म्हणजे वजनांचे ओढून काढता येणारे खिसे असलेलं घ्या, कंबरेचा पट्टा (वेट बेल्ट) जुन्या जमान्यातला. सेंटरवरची जुनी माणसं म्हणतात पट्ट्यासारखी खात्री कशात नाही.

माहिती देतो म्हणजे उत्तर द्यायला सोपं जाईल. माझं वजन 78 किलो, 3 मिमीचा पूर्ण वेटसूट, 11 लिटरचा ॲल्युमिनियम सिलेंडर, खोली फार तर 15 मीटर, बोगमाळो किंवा बायणाहून होडी, उतरणं बॅक रोलने, म्हणजे होडीच्या काठावरून पाठीमागे पाण्यात पडून. पोट जरा पुढे असल्याने पट्टा खाली सरकतो आणि कंबर अधूनमधून धरते. भाड्याच्या बीसीडीत 8 किलो घालून देतात. घ्यावं काय, आणि तपासावं काय?

बुडबुडे

कुठे बांधायचं हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न किती. 8 किलो गृहीत धरून बीसीडी निवडलंत तर चुकीच्या वजनासाठी महागडे खिसे विकत घ्याल. 3 मिमी सूट आणि ॲल्युमिनियम सिलेंडर असलेल्या 78 किलोच्या माणसाला समुद्रात साधारण 4 ते 6 किलो लागतात. सुरुवात 5 ने करा आणि तपासा.

तपासणी पृष्ठभागावर अशी करायची. मास्क लावलेला, रेग्युलेटर (सिलेंडरमधून श्वास घ्यायचं साधन) तोंडात, शरीर उभं, पाय स्थिर. पाय हलत असतील तर सगळी तपासणी वाया, कारण फिन्स माणसाला वर धरून ठेवतात. बीसीडी पूर्ण रिकामं करा. बीसीडीची नळी डोक्याच्या वर सरळ धरा आणि डावा खांदा थोडा वर उचला, नाहीतर कोपऱ्यात हवा राहते. नवीन गादीवालं बीसीडी असेल तर गादीतही हवा अडकते, ती हाताने दाबून बाहेर काढायची. मग नेहमीसारखा श्वास घेऊन थांबा. पाणी डोळ्यांच्या पातळीवर यायला हवं. श्वास सोडला की डोकं हळूहळू पाण्याखाली जायला हवं. भरलेल्या सिलेंडरने हे जमलं तर वर 2 किलो वाढवा.

2 किलो का? 11.1 लिटरचा सिलेंडर 200 बार दाबापर्यंत भरला की आत सुमारे 2200 लिटर हवा मावते. एक लिटर हवा 1.2 ग्रॅमची, म्हणजे जवळजवळ 2.7 किलो हवा पाठीवर असते. 50 बारला वर यायचं ठरलं तर त्यातली 2 किलो वापरून संपलेली असते. भरलेला ॲल्युमिनियम सिलेंडर समुद्राच्या पाण्यात अर्धा-पाऊण किलो खाली ओढतो. तोच शेवटी किलो-सव्वा किलोने वर ओढायला लागतो.

यापेक्षा भरवशाची तपासणी डाइव्हच्या शेवटी होते. 50 बार उरलेत, 5 मीटरवर 3 मिनिटांचा सुरक्षेचा थांबा चालू आहे, बीसीडी रिकामं आहे आणि शांत श्वास घेत तुम्ही जागच्या जागी राहता. हे जमलं तर वजन बरोबर. वर सरकत असाल तर किलोभर वाढवा. थांब्यावरही बीसीडीत हवा ठेवावी लागत असेल तर किलोभर काढा. काय घातलं होतं ते सिलेंडरचा प्रकार आणि सूटच्या जाडीसकट लॉगबुकात लिहून ठेवा.

मांडवीपार

सहमत. एक जोड. शरीराच्या वजनाच्या दहा टक्के हा जो नियम सांगतात तो जाड सूटांचा, थंड पाण्यातला. आपल्याकडे 27-28 अंशांच्या पाण्यात तो लावला तर माणूस तळाशी जाऊन गाळ उडवत बसतो. पोहण्याच्या तलावात वजन ठरवलं असेल तर समुद्रात अडीच टक्के हिशेब धरा. माणूस आणि सामान मिळून 105 किलो असेल तर सुमारे 2.6 किलो जास्त लागतात. तलावात 3 लागले तर इथे साडेपाच.

ऑक्टोबरात झुवारी-मांडवीचं गोडं पाणी अजून वरच्या थरात असतं, खाली खारट. पृष्ठभागावर तपासलं आणि खाली गेल्यावर किंचित हलकं वाटलं तर तो भास नाही. पण फरक अर्ध्या किलोच्या आसपास, त्यासाठी दोन किलो वाढवायची गरज नाही.

झुवारीकाठ

मग सेंटरवाले सगळ्यांना सरसकट 8 का घालतात?

बुडबुडे

घाईपायी. पहिल्यांदा पाण्यात उतरलेला माणूस घाबरलेला असतो, छाती भरून श्वास धरून ठेवतो. फुप्फुसात लिटर-दीड लिटर जास्त हवा राहिली की तेवढेच किलो-दीड किलो तो वर उचलला जातो. लाटांत त्याला दोरीने खाली न्यायचं असतं, होडीवर पुढची टोळी वाट बघत असते, म्हणून शिशाचे दोन ठोकळे जास्त. प्रशिक्षक हात धरून बरोबर असतो तोवर ते निभतं. स्वतःच्या जबाबदारीवर डाइव्ह करणाऱ्याला ही सवय महागात पडते.

कारण एक जास्तीचा किलो सांभाळायला बीसीडीत एक लिटर हवा जास्त भरावी लागते. 10 मीटरवर भरलेला लिटर पृष्ठभागापर्यंत दोन लिटर होतो. तीन किलो जास्त असतील तर तीन लिटर हवा प्रत्येक मीटरला फुगते-आकसते आणि तुम्ही इन्फ्लेटरच्या (बीसीडीत हवा भरायच्या-सोडायच्या) बटणाशी झगडत राहता. शिवाय पाय खाली, डोकं वर अशा तिरक्या अंगाने पोहता, जोर जास्त लागतो, हवा लवकर संपते. पृष्ठभागावर बीसीडी फाटलं तर 8 किलो घेऊन तरंगणं अवघड आहे. डाइव्हिंगमध्ये मेलेल्या माणसांच्या अंगावर बहुतेक वेळा वजनं तशीच बांधलेली सापडतात. वजन टाकण्याचा विचार त्यांच्या हातापर्यंत पोचलाच नाही.

खारट_वारा

नेमकं हेच म्हणून मी पट्ट्याचा. एक बकल, एक हात, सगळं वजन खाली. पाऊच दोन असतात, दोन्हींचा झटका वेगळा, आणि घाबरलेल्या हाताला एक सापडतो, दुसरा सापडत नाही. बीसीडी बदललं तरी पट्टा तोच, सेंटर बदललं तरी तोच. पैसेही कमी.

शेवंती_म्हापसा

खारट, पट्टा बांधायचा कसा ते तर सांगा, निम्मे लोक चुकीचा बांधतात. मीच लिहिते.

5 सेंमी रुंदीची नायलॉन पट्टी आणि बकल स्टीलचं. प्लास्टिकचं बकल उन्हात ठिसूळ होतं. लांबी कंबरेपेक्षा इतकीच जास्त की बांधल्यावर 15 ते 20 सेंमी टोक सुटं राहील. लांब टोक बीसीडीच्या पट्ट्यांत गुंततं, आणि घाईत ते खोचून टाकलं की पट्टा टाकायला गेल्यावर सुटतच नाही. सुटं टोक कधीही खोचायचं नाही. कापून मेणबत्तीने कडा वितळवून घ्या.

ठोकळा ओवताना पट्टी पहिल्या चिरेतून वर काढा, अर्धा पीळ द्या, दुसऱ्या चिरेतून खाली न्या. पिळामुळे ठोकळा सरकत नाही. पीळ जमत नसेल तर दोन्ही बाजूंना प्लास्टिकची किंवा स्टीलची अडकण लावा. ठोकळे कंबरेच्या दोन बाजूंना, समान. मणक्यावर एकही नको, तिथे सिलेंडर दाबतो. बकलच्या लगतही नको, नाहीतर बकल पूर्ण उघडत नाही.

अंगावर चढवताना बकल डाव्या हातात, सुटं टोक उजव्या हातात. पुढे वाका, म्हणजे वजन पाठीवर टेकतं आणि दोन्ही हात घट्ट करायला मोकळे राहतात. उभ्या-उभ्या आवळलेला पट्टा खाली गेल्यावर ढिला पडतो, कारण खोलीवर सूटचं निओप्रीन दबतं. म्हणून 5-6 मीटरवर एकदा आडवं होऊन पुन्हा आवळायचा. अशा बांधणीत बकल उजव्या हाताने सुटतं, आणि बडीला, म्हणजे जोडीदार डाइव्हरला, ते आधीच माहीत असतं.

होडीवर पट्टा वर देताना सुट्या टोकाला धरा, म्हणजे बकल खाली लोंबतं आणि ठोकळे त्याला अडतात. बकलला धरून उचलला की ठोकळे सुट्या टोकाकडून घसरून कुणाच्या तरी पायावर पडतात. अनवाणी पायांच्या होडीवर दोन किलोचं शिसं म्हणजे थेट डॉक्टरकडे.

दर्यावर्दी

शेवंतीताई, सुंदर लिहिलंत. पण धागाकर्त्याचं पोट पुढे आहे. कंबरेवर आधार नसलेल्या माणसाचा पट्टा नितंबांवरून खाली येणारच, कितीही आवळा. जास्त आवळला तर पोट दाबून श्वास उथळ होतो. अशाला रबराचा पट्टा चालतो, ताणून लावला की खोलीवर सूट दबला तरी तो स्वतः आकसून अंगाला धरून राहतो. सिलेंडरशिवाय श्वास रोखून खाली जाणारे फ्रीडाइव्हर तोच वापरतात.

पाऊचवर मात्र गैरसमज फार आहेत. चांगल्या बीसीडीत पाऊच ओढायचं हँडल असतं, एका झटक्यात बाहेर. पण प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी, कुठे खाली ओढायचं, कुठे पुढे, कुठे क्लिप दाबून. बडीला पाण्यात जाण्यापूर्वी स्वतःच्या हाताने ओढून दाखवा, आणि नंतर त्याच्याकडूनही ओढवून घ्या.

बिघाड तीन. पहिला, वेल्क्रोवर मीठ आणि वाळू बसली की पकड जाते. किनाऱ्याच्या वाळूत सामान ठेवणाऱ्यांचं हेच होतं. दुसरा, क्लिपच्या खाचेत वाळू अडकली की क्लिक होतं पण पूर्ण बसत नाही, आणि बॅक रोलच्या धक्क्याने पाऊच निसटतो. तिसरा, भाड्याच्या बीसीडीत एका मापाचा पाऊच दुसऱ्या मापाच्या खिशात घातलेला असतो. घट्ट वाटतो, पण कुलूप लागलेलं नसतं. क्लिक झाल्यावर हँडल न ओढता पाऊचचं अंगच धरून खाली ओढून पाहा. हललं तर बदलून मागा.

एक पाऊच खाली पडला की दुहेरी त्रास. वजन कमी, आणि एका बाजूला कलंडलेला माणूस वर सुटतो. 10 ते 12 मीटरवरून सुटणं खेळ नाही, फुप्फुसातल्या हवेला पृष्ठभागापर्यंत दुपटीने जागा लागते.

खारट_वारा

म्हणजे सिद्ध काय झालं? पाऊच पडू शकतात, पट्टा सुटू शकतो, दोन्ही सारखेच. दर्या, तुमच्या म्हणण्याप्रमाणे दोन्हींत एकच हात लागतो. मग स्वस्तातलं घ्या की.

दर्यावर्दी

सारखे नाहीत. पट्टा सुटला तर सगळं वजन गेलं. पाऊचांत विभागणी करता येते, आणि या धाग्यातली मुख्य गोष्ट मला तीच वाटते. एकूण वजनाचे दोन भाग करा, एक टाकायचा, एक न टाकायचा. टाकलेल्या भागाने पृष्ठभागावर माणूस हमखास तरंगला पाहिजे, पण खोलीवरून बेभान वर उडता कामा नये. सगळं एका झटक्यात सुटणारं असणं सोयीचं वाटतं, पण चुकून सुटलं तर तेच घातक.

5 किलोंपैकी 3 पुढच्या दोन पाऊचांत, दीड-दीड. उरलेले 2 मागच्या छोट्या खिशांत किंवा सिलेंडरच्या पट्ट्यावर, एक-एक. मागच्या खिशांतलं वजन टाकता येत नाही, म्हणून तिथे सगळं ठेवायचं नाही. पुढच्या पाऊचांची मर्यादा बहुधा प्रत्येकी 4 ते 5 किलो, मागच्यांची सुमारे 2. आकडा खिशावर किंवा पुस्तिकेत छापलेला असतो, तोच माना.

बुडबुडे

याला जोडून. मागच्या खिशांतल्या वजनाचा दुसरा उपयोग अंगाची आडवी स्थिती सुधारायला. पाय खाली लोंबत असतील तर वजन वर सरकवा, म्हणजे सिलेंडरच्या वरच्या पट्ट्यावर घ्या किंवा सिलेंडर बीसीडीत 3-4 सेंमी वर बांधा. पाय वर तरंगत असतील तर वजन खाली कंबरेकडे आणा. घोट्याच्या वजनांचा विचार आधी करू नका, त्यांना हलवायला प्रत्येक किकला ताकद लागते.

स्टीलची पाठपट्टी असलेला विंग (फक्त पाठीमागे फुगणारं बीसीडी) घेत असाल तर ती स्वतः अडीच-तीन किलोची असते, आणि ती टाकता येत नाही. 5 किलोंपैकी 3 तिथेच गेले, म्हणजे टाकायला 2 उरले. स्टीलचा सिलेंडर वापरला तर तो शेवटीही वर ओढत नाही, त्यामुळे शिसं किलो-दीड किलोने कमी लागतं. इथल्या बहुतेक सेंटरांत ॲल्युमिनियमच मिळतो, म्हणून हिशेब त्याचाच करावा.

शेवंती_म्हापसा

एक सवय मुद्दाम सांगते, कारण ग्रांदेच्या होड्यांवर ती फार दिसते. बीसीडीच्या साध्या खिशात ठोकळे कोंबतात, चेन लावतात आणि झालं. तो खिसा वजनासाठी नाही. चेन ओली झाली की अडकते, ठोकळा आडवा झाला की हात आत जात नाही, आणि टाकायचं म्हटलं तर एकेक ठोकळा काढत बसावं लागतं. सेंटर असं देत असेल तर पट्टाच मागा. प्रत्येक सेंटरकडे पट्टे असतातच.

झुवारीकाठ

छान स्पष्ट झालं. पण कंबरेचं काय? पाऊचवालं बीसीडी सिलेंडरसकट उचलायचं म्हणजे जड जाणार ना?

बुडबुडे

जातं. सिलेंडर 14 किलो, आतली हवा पावणेतीन, बीसीडी साधारण 3, रेग्युलेटर दीड, आणि वर 5 किलो शिसं घातलं तर 26 किलोंच्या पुढे. हे वाकून उचलू नका. बसल्या-बसल्या हात घाला, सिलेंडर होडीच्या बाकावर किंवा कठड्यावर टेकलेला असू द्या, उठताना बडीने मागून झडप धरावी. वजन पाण्यातही चढवता येतं. बीसीडी फुगवून, पृष्ठभागावर तरंगत पाऊच खिशात सरकवायचे. लाटा कमी असतील तर फार सुटसुटीत.

बाहेर पडताना आधी पाऊच वर द्यायचे, मग बीसीडी. वजनासकट बीसीडी काढलं तर ते खाली जायला बघतं आणि तुम्ही सूटमुळे वर, त्या ओढाताणीत हात सुटला की सामान तळाला.

कंबरेसाठी खांद्यावरून घ्यायचे पट्टे असलेला हार्नेसही मिळतो, त्यात भार खांद्यांवर येतो. तो बीसीडीच्या आत घालायचा, आणि त्याच्या पाऊचांचं हँडल बीसीडीच्या कडेबाहेर आलं पाहिजे, नाहीतर ते नुसतं शोभेचं.

दोन पायांमधून जाणाऱ्या पायपट्ट्याबद्दलही लक्षात ठेवा. वेट बेल्ट वापरत असाल तर पायपट्टा आधी, बेल्ट त्यावरून. उलटं झालं तर टाकलेला पट्टा मांड्यांत अडकून बसतो.

मांडवीपार

आता टाकायचं कधी आणि कसं तेही कुणीतरी लिहा. सगळे घ्यायचं काय तेच लिहितायत.

दर्यावर्दी

लिहितो. पहिला नियम, वजन टाकण्याची जागा पृष्ठभाग. खाली टाकायचं फक्त तेव्हा, जेव्हा दुसऱ्या कुठल्याच मार्गाने वर येता येत नाही.

पृष्ठभागावर आलात आणि बीसीडी भरलं जात नाही, तर आधी तोंडाने फुंकून पाहा. तरीही नाक बुडत असेल तर थांबू नका. पट्टा असेल तर उजव्या हाताने बकल उघडा, सुटं टोक धरून पट्टा अंगापासून हातभर दूर न्या आणि मग सोडा. अंगाजवळ सोडला तर चाकूत किंवा फिन्सच्या पट्टीत अडकतो. पाऊच असेल तर एक ओढा, हातभर दूर नेऊन सोडा, आणि दुसरा लगेच. खाली डाइव्हर असू शकतात, पण त्यासाठी जीव धोक्यात घालून वाट बघायची नाही.

चुकून सुटलं तर उलट. पाऊच पडल्याचं कळताच बीसीडीतली हवा पूर्ण सोडा, सतत श्वास सोडत राहा, श्वास कधीही धरू नका. दगड, नांगराची दोरी, जे हाताशी असेल ते धरा. काहीच नसेल तर अंग आडवं पसरा म्हणजे वेग कमी होतो. मिनिटाला 9 मीटरपेक्षा जास्त वेगाने वर येऊ नका, जमेल तितकं. पट्टा सरकून मांडीपर्यंतच आला असेल तर तोंड खाली करून आडवं व्हा, पट्टा पाठीवर टेकवा, मग बकल लावा.

पाण्यात उतरण्यापूर्वीच्या तपासणीत वजनाची पायरी ही असते: दोघांचंही वजन सांगा, कुठलं कसं सुटतं ते दाखवा, आणि बकलवर हात ठेवा. बॅक रोलला उजवा हात मास्क-रेग्युलेटरवर, डावा बकलवर किंवा पाऊचच्या हँडलवर हलका, ओढून नाही.

खारट_वारा

पट्ट्यावर माझा विश्वास कायम आहे, पण पोटाचा मुद्दा मान्य. मालवणकडच्या सेंटरांतून बघितलं तर तिथेही दोन्ही चालतात.

एक प्रश्न. घरी शिसं वितळवून स्वतःचे ठोकळे ओतणारे काही आहेत, गाडीच्या चाकांच्या जुन्या वजनांपासून. स्वस्त पडतं म्हणतात.

शेवंती_म्हापसा

नको. साच्यात पाण्याचा एक थेंब असला तरी वितळलेल्या शिशात त्याची वाफ होऊन ते उसळून अंगावर येतं, वाफाऱ्यातलं शिसं फुप्फुसात जातं, आणि स्वयंपाकघरात हे करणारेही आहेत. विकतचे, प्लास्टिकचं आवरण असलेले ठोकळे थोडे महाग पण हाताला शिसं लागत नाही. आवरण सोलवटलं तर पांढरट भुकटी दिसते, ती हाताला लागू द्यायची नाही, नंतर हात साबणाने धुवायचे. बर्फाच्या डब्यात, पाण्याच्या बाटल्यांच्या शेजारी ठोकळे ठेवणं तर अगदीच चुकीचं.

शिशाच्या गोळ्यांच्या मऊ पिशव्या पाऊचमध्ये छान बसतात, टोचत नाहीत. पण शिवण उसवली की गोळ्या खिशाच्या तळाशी जमतात, म्हणून दर महिन्याला दाबून पाहा.

झुवारीकाठ

निर्णय झाला. पाऊचवालं बीसीडी, मागच्या छोट्या खिशांसह, आणि रबराचा पट्टा पर्यायी म्हणून. सुरुवात 5 किलोंनी, 3 पुढे, 2 मागे. कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला जाताना शिसं बरोबर न्यावं का?

दर्यावर्दी

नेऊ नका. तिथल्या सेंटरकडून ठोकळे मिळतात, रिकामे पाऊच न्या म्हणजे झालं. तिथले ठोकळे तुमच्या पाऊचच्या मापाचे आहेत का ते फोनवर विचारा, लांबट ठोकळा अरुंद पाऊचात पूर्ण जात नाही आणि तोंड उघडं राहतं. दोन ठोकळे एका पाऊचात असतील तर त्यांच्यामधली पोकळी मोज्याने किंवा फडक्याने भरा, नाहीतर खाली गेल्यावर ते कडकडतात.

बुडबुडे

पावसाळ्यात ठेवण्याबद्दल एवढंच: पाऊच ठोकळ्यांशिवाय, उघडे, सावलीत. वेल्क्रो गोड्या पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने घासून घ्या. मग चिकटवून न ठेवता सुकवा. स्टीलचं बकलही धुऊन कोरडं करा, गंज चढला तर त्याची जीभ वळत नाही. ऑक्टोबरात पहिल्या फेरीआधी पाऊच भरून, बीसीडी उलटं धरून जोरात हलवा. पडले तर जमिनीवर पडलेले बरे.